पू

मी मोजणारी बाई.
पुएर्तो मोन्तच्या इस्पितळात, तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत
काचपट्टीवर रक्ताचा थेंब फासते, जांभळा करते,
पांढरी पेशी दिसली की खटका दाबते.
शंभर झाल्या की यंत्र घंटा वाजवतं.
त्या मंगळवारी घंटा
पट्टीच्या काठाशीच वाजली.

मला वाटलं, नमुन्यात काहीतरी घोळ आहे.
चिठ्ठीवर नाव: अबेलार्दो कार्कामो. वय: दिवस एक्केचाळीस.
खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात:
नाळ अजून पडलेली नाही.

नाळ तुटू नये म्हणतात लोक,
मातीशी, माणसांशी.
इथे ती तुटेना म्हणून
रोसाउरा बाळाला शालीत गुंडाळून
फेरीबोटीच्या डेकवर उभ्या उभ्या
चाकाओची खाडी ओलांडून आली होती.
बेंबीभोवती लालभडक कडं,
आणि पुवाचा टिपूससुद्धा नाही.
"पू नाही, म्हणजे बरंच ना?"

मला वर बोलावलं.
तू चिलोएची, डॉक्टर म्हणाले, तूच सांग.

म्हणून मी तिला तिच्याच कामावरून सांगितलं.
दोरांवर काळे शिंपले वाढवतेस ना तू?
बी पाण्याबरोबर वाहत येतं,
दोराला घासतं, सुटतं, परत घासतं,
मग कधीतरी त्याला पटतं की हाच,
आणि इवलासा पाय बाहेर काढून ते
धागा टाकतं. एक. मग वीस.
मग येऊ दे वादळ.

रक्तातही तसंच.
जखम झाली की तिथल्या नळीची भिंत आतून खरखरीत होते.
पांढरी पेशी तिला घासत, गडगडत जाते,
वीज गेल्यावर जिन्याच्या भिंतीला हात लावून उतरावं
तशी हळू, आणखी हळू.
भिंत तिच्या कानात काहीतरी सांगते.
ती मूठ आवळते.
थांबते.
चपटी होते, आणि फटीतून
अख्खं अंग ओढत पलीकडे जाते,
जखमेत, लढायला, मरायला.
पू म्हणजे बहुतेक त्या मेलेल्याच.

तुझ्या मुलाच्या पेशींना मूठच नाही.
गडगडतात त्या. भिंतीचं ऐकतातही.
आणि वाहून जातात.
म्हणून रक्तात ही झुंबड
आणि जखमेत कुणीच नाही.

रोसाउरा बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली.
शिंपल्यांचे धागे उपटताना कापलेला,
मिठानं पांढरा पडलेला जुना व्रण.
मग म्हणाली, बी धरलं नाही की आम्ही
दुसऱ्या खाडीतलं आणतो.

हो, मी म्हटलं. तेच करायचं.

किती सोपं बोलून गेले मी!
सात वर्षांच्या ओर्तेन्सियाच्या कमरेच्या हाडातून काढायचं,
सान्तियागोला, हजार किलोमीटरवर,
आणि त्याआधी त्याचं स्वतःचं सगळं बी
औषधानं जाळून टाकायचं.
तो हिवाळा त्यांनी काचेच्या दाराआड काढला.
त्या पट्ट्या मी मोजल्या नाहीत.
दुसऱ्या कुणीतरी मोजल्या असतील,
आणि मध्ये बरेच दिवस
मोजायला काहीच नसेल.

पुढच्या नोव्हेंबरात रोसाउरा
परवानगी नसताना तळघराचा जिना उतरून आली.
कडेवर अबेलार्दो, डोक्यावर केस नुकते उगवलेले.
त्याची मान माझ्या दिव्याखाली वळवून म्हणाली, बघ.

शालीची लोकर घासून उठलेली एक पुटकुळी,
पिवळ्या टोकाची.

दुसऱ्या आया पहिला दात दाखवतात.

"पू," ती म्हणाली,
आणि मग हसता हसता तिला खुर्ची लागली.

मी हातमोजे घातले, टाचेतून थेंब घेतला,
पट्टी फासली.
घंटा वाजेपर्यंत
माझी जेवायची वेळ टळून गेली होती.