डावीकडे

वास्कोत, बंदराच्या रस्त्याला
उल्हास मांद्रेकराचा गाळा.
काउंटरवर माझा कंट्रोलर
कवच काढलेल्या कुर्लीसारखा.

मी म्हटलं, बोट लावलं नाही तरी
माझा गोलकीपर डावीकडे चालू लागतो,
गोल उघडा टाकून, निवांत,
मासळी आणायला निघाल्यासारखा.

'घर खंय?'
'बायण्याला.'
'मग जालें. खाऱ्या हवेला कुठं वायर लागते!'

स्पिरिट, कापसाचा बोळा, चारशे रुपये.
हमी पंधरा दिवसांची,
तीही तोंडी.

वायर होती तेव्हा
ग्लेनिसचा पाय अडकायचा,
कन्सोल टेबलावरून खाली,
आणि भांडण एकाच खोलीत मिटायचं.
आता ती दोहाहून खेळते, ड्युटी संपल्यावर.
मध्येच तिची बॅटरी जाते.
तिचे अकराही जण मैदानात पुतळे.
तेव्हा मी गोल करत नाही.
चेंडू पायाशी धरून उभा राहतो,
ती सेल शोधेपर्यंत.

रात्री जोडून बघितला.
निळा दिवा लुकलुकला, स्थिरावला.
गोलकीपर जागेवर.
दहा मिनिटं, बारा.

मग एक पाऊल
डावीकडे,
नकाशात जिकडे समुद्र असतो तिकडे.
ग्लेनिस हेडफोनमध्ये ओरडली, 'अरे, धर त्याला!'