सबबी

ग्युमरीत, काळ्या दगडाच्या चर्चच्या दारात
मी मेणबत्त्या विकते.
करंगळीहून बारीक, मधाच्या रंगाच्या.
सव्वीस हिवाळे झाले.
देवाला मी पाहिलेलं नाही,
पण त्याच्याकडे काय काय मागतात ते मला पाठ आहे:
मॉस्कोला गेलेल्या मुलाचा फोन,
गुडघे, व्हिसा, एका वासराचं फुगलेलं पोट.

संध्याकाळी वाळूतून थोटकं उपसते,
जुन्या पातेल्यात वितळवते.
कुणाचं गाऱ्हाणं कुणाच्या नवसात मिसळतं.
दुसऱ्या दिवशी वारतुशच्या आजारी बहिणीसाठी
जळत असतो
कुणा अनोळख्याच्या वासराचा उरलेला अर्धा.

पण सांगायचं होतं ते हमायाकबद्दल.

सात नंबरची बस त्याची. पिवळी, एका दाराची.
जानेवारीत, उणे चोवीस असताना,
पहाटे सहालाच तो ती कुंपणाशी लावतो
आणि इंजिन चालू ठेवतो.
सुटायची वेळ पावणेआठ.
चर्चची किल्ली फादरकडे, आणि फादर झोपाळू.
तोवर म्हाताऱ्या बसमध्ये बसतात,
ओले बूट हीटरकडे करून, सुनांबद्दल बोलत.
हमायाक स्वतः कधी आत येत नाही.
भूकंपानंतर त्याने देवाशी बोलणं सोडलं.
का, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे,
म्हणून कुणी विचारत नाही.

एकदा मी म्हटलं, इतकं डिझेल कशाला जाळतोस?
"बॅटरी गोठते," म्हणाला. "दुसरं काय?"

त्या रात्री पातेलं ढवळताना मला हसू फुटलं.
मग सबबी मोजायचा नादच लागला.

शोघाकात तोनिरमधून लवाश काढते,
एक माझ्या हातावर टाकते: "करपली गं, गिऱ्हाईक घेणार नाही."
उलटीपालटी करून पाहिली. कुठे डाग नाही.
शेजारचा पोरगा माझ्या पायरीवरचा बर्फ खरवडतो,
म्हणतो, फावडं नवीन आहे, धार बघतोय.
तीन हिवाळे ते नवीनच आहे.
मी तापाने पडले तेव्हा, जिच्याशी माझा अबोला,
तिने गरम सूप पाठवलं, निरोपासकट:
"तुझं भांडं परत करायचं होतं."
भांडं माझं नव्हतंच.

या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणतात.
इथे हात खरं बोलतात, तोंडं खोटं.
ही खोड त्यांनी कुठून तरी उचलली असणार,
मूल बापाची चाल उचलतं तशी, कुणी न शिकवता.
तोही असाच असेल, लाजरा.
सूर्य काय, उगवतोच की, म्हणणारा.
जर्दाळूला मोहोर येतो तो येतोच,
दुसरं काय?

मग त्या डिसेंबरात कुठे होता, हमायाक विचारेल.
माझ्याकडे उत्तर नाही.
एवढंच आठवतं, त्या रात्री ढिगाऱ्यापाशी
मी आईला हाका मारत असताना
कुणीतरी माझ्या खांद्यावर कोट टाकला
आणि म्हणालं, "घे, मला उकडतंय."
हिमवर्षाव होत होता.
चेहरा दिसला नाही.
कोटाला डिझेलचा वास होता.

काल पहाटे बसमध्ये चढले
आणि स्टिअरिंगपुढे, काचेशी, एक मेणबत्ती ठेवली.
त्याने भुवई उंचावली.
"वाकडी निघाली," मी म्हणाले, "कोण घेणार?"
त्याने ती दिव्याखाली धरली.
सुतासारखी सरळ होती.
बराच वेळ बघत राहिला.
मग आतल्या खिशात घातली, आणि हीटरचं बटण
एक घर पुढे सरकवलं.
"आज बॅटरीला," म्हणाला, "जरा जास्तच थंडी वाजतेय."