पासिंग

भूपाल चौगुल्याचा ट्रक माझ्या वयाचा,
म्हणजे दोघांनाही आता
सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो.

जांभा भरून करूळ घाट चढताना
तो तिसऱ्या वळणावर अशी मान टाकायचा
की क्लीनर ओंडका घेऊन
चाकामागनं चालत निघायचा
आणि ट्रकच्या आधी वर पोचायचा.

मग भूपालनं शिरोलीच्या भंगारातनं
सहा सिलिंडरचं एक धूड आणलं, टर्बोवालं,
कुठल्यातरी उलटलेल्या टँकरचं.
उद्यमनगरात आमच्या दारात उतरवताना
चेनपुली कण्हली.
चहावालं पोरगं म्हणालं, "हे ह्यात बसतंय?"
दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
"बसत नसतंय. बसवायचं असतंय."

इंजिनाची भोकं एका हिशेबाची,
गिअरबॉक्सची दुसऱ्या.
मधे पाहिजे एक प्लेट,
जी कुठल्याच कॅटलॉगात नाही.
ती मी केली.
बिडाचं ओतीव, लेथवर रात्री अकरापर्यंत.
डायल गेजचा काटा केसभर हलला
तरी मिस्त्री मान हलवायचे. आडवी.
तीनदा आडवी.
चौथ्यांदा काहीच बोलले नाहीत,
बाहेर जाऊन पान थुंकून आले.
आमच्यात शाबासकी म्हणतात ती हीच.

रेडिएटर पुढं सरकवला,
पुढच्या कमानीला एक पाटा वाढवला,
शाफ्ट चार बोटं कापून परत जोडला.
राहिले कागद.
कागदाला वेल्डिंग चालत नाही.
परवानगी, भंगारवाल्याची पावती,
इंजिनाचा नंबर पेन्सिलीनं घासून उतरवलेला,
सगळं भूपालच्या बायकोनं साडीच्या पिशवीत घातलं,
पोराचा शाळेचा दाखला घालावा तसं.

पीयूसीच्या टपरीतल्या पोरीनं
सायलेन्सरात नळी खुपसली.
"दाबा. सोडा. दाबा."
पलीकडच्या पेरूवाल्यानं गाडा हलवला.
एक्क्याऐंशी.
चालतंय पासष्टपर्यंत.
भूपालचा हात खिशाकडं गेला.
पोरगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
"मशीनला खिसा नाही, काका."

"पंप कमी केला तर घाटात परत मान टाकंल,"
भूपाल रडकुंडीला.
मिस्त्री आधीच बॉनेटात कमरेपर्यंत.
आतनंच आवाज आला,
"काळा धूर म्हंजे ताकद न्हवं, बाबा.
न जळालेलं डिझेल.
तुझंच पैसं, काळं होऊन वर चाललंय."
टर्बोच्या रबरी नळीला नखाएवढी चीर सापडली.
नळी बदलली. पंपाचा स्क्रू पाव फेरा मागं.

मग त्यांनी खिशातनं पांढरा रुमाल काढला,
धुराच्या तोंडाशी धरला,
उन्हाकडं करून बघितला
तब्येत सांगणाऱ्या डॉक्टरसारखा.
"एक्कावन्न."
पडद्यावर आलं बावन्न.
मिस्त्री पोरीला म्हणाले,
"तुमचं मशीन एकदा सर्व्हिसिंगला टाका."

ताराबाई पार्कात साहेबांनी
ट्रकखाली वाकून बॅटरी मारली.
चेसिस बघितली, नंबर जुळवला,
आणि उजेड येऊन थांबला
माझ्या प्लेटवर.
"ही कुठल्या कंपनीची?"
मी काय सांगणार?
आठ बोल्ट, तीन रात्री, त्याचं काय नाव असतं?
"उद्यमनगर," म्हणालो.
साहेबांनी खरंच लिहून घेतलं,
कंपनी: उद्यमनगर.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.
भूपाल बोलेना, त्यानं फोन खिडकीबाहेर धरला होता.
वारा, हॉर्न, आणि त्यात ते सहा जण,
एकमेकांचा पाय न तुडवता चढणारे.
मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले.
मग त्याच रुमालाचा एक स्वच्छ कोपरा शोधून
चष्मा पुसत म्हणाले,

"कशाला दुसऱ्यात वडतंय गाढव?
तिसरा टाक म्हणावं."