किमतीचा रकाना

अकरा वर्षं इनायत पटेलांचं अक्षर ओळखतो मी.
'उ'ला लांब शेपूट देतात,
फक्त उदगीरच्या 'उ'ला.
चेहरा कधी पाहिला नाही.
सेलू ते उदगीर, अंतर ते काय,
पण नाणी जमवणारी माणसं
एकमेकांकडं पाकिटातूनच जातात.

त्यांना हवा होता हाली शिक्क्याचा रुपया,
हिजरी तेराशे तीस,
चारमिनारच्या कमानीत 'ऐन' अर्धाच उमटलेला,
जणू कुणी दारात येऊन आत जावं की नाही
या विचारात उभं.
माझ्याकडं तसे दोन.
एक मोंढ्यातल्या तराजूवाल्याकडनं घेतलेला,
एक सासूबाईंच्या पेटीत तळाला सापडलेला,
म्हणजे तो द्यायचा नाही.

पहिला निघाला.
पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मध्ये रुपया,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट,
दुकानात दुसरं काय असणार.
खिडकीत शिंगणकरबाईंनी विचारलं, आत काय?
कागदपत्रं, म्हणालो.
नाणं म्हटलं की विमा,
विमा म्हटलं की लाख, शिक्का, आणखी एक फॉर्म,
आणि माझ्या मागं पेन्शनवाल्यांची रांग खोकायलेली.
किंमत?
काही नाही.
'काही नाही' असंच लिहिलं बाईंनी, सुवाच्य.

परभणीत थैली बंद झाली.
परळीत थैली उघडली.
मग काहीच झालं नाही.
नातू रोज मोबाईल समोर धरायचा,
आबा, अजून परळीतच.
परळीला लोक दर्शनाला थांबतात,
पण इतके दिवस नाही.

पटेलांचं पहिलं कार्ड: येईल की, कामून घाई करता.
दुसरं: अजून आलं नाही.
तिसऱ्यावर 'खैरियत' हा शब्द नव्हता.
मी दोनदा शोधला.

आणि मी तरी,
खोटं आता कशाला बोलू,
रात्री शटर ओढताना मनात आणलंच:
पोचलं असेल. पोचूनही नाही म्हणत असतील.
अकरा वर्षं, अकरा ग्रॅम चांदी.
वर्षाला एक ग्रॅम,
एवढाच साठला होता आमचा विश्वास.

तक्रार दिली. काय हरवलं? कागदपत्रं.
साहेब चष्म्यावरनं बघत म्हणाले,
कागदासाठी सहा हेलपाटे घातलेला
पहिलाच माणूस बघायलोय.
तेव्हाही तोंड उघडलं नाही.

त्यांचे पैसे मी परत केले.
त्यांनी तेवढेच उलट धाडले,
मनीऑर्डरच्या कुपनावर एक ओळ:
हिसाब नको, रुपया पाठवा.
रागानं की मायेनं?
अक्षर तेच, 'उ' कुठं आलाच नव्हता.

चौथ्या महिन्यात ग्यानोबा पोस्टमन आला,
प्लॅस्टिकच्या पिशवीत माझंच पाकीट घेऊन,
वर जांभळा शिक्का: फाटलेल्या अवस्थेत मिळाले.
कुठं मिळालं, कुणाला, ते नाही.
ट्यूबची पट्टी एका घावात कापलेली.
रुपया अर्थातच नाही.
पण पुठ्ठ्यावर रबरानं दाबून दाबून
एक गोल उठलाय,
तिरप्या उन्हात धरला तर दिसतो,
बोट फिरवलं तर नक्कीच लागतो.

आज पुन्हा खिडकीत.
रजिस्टर करा बाई, उदगीर. विमा पण.
आत काय?
पुठ्ठा.
पुठ्ठ्याला विमा?
मागं कुणीतरी हसलं.
सासूबाईंचा रुपया शर्टाच्या खिशात,
कापड खाली ओढायलाय.
पाकीट अजून चिकटवलेलं नाही.

बाईंचं पेन रकान्यावर थांबलंय.
किंमत सांगा, आबा.
सांगतो, म्हणालो,
थांबा जरा.