डाग

झांझरीशेठ म्हणाले, डब्यावर आपलं कल्चर दिसलं पाहिजे.
राजवाडा टाका, पगडी टाका,
एखादी नऊवारीतली बाई, हातात शेवेची ताटली,
खाली वळणदार अक्षरात इंदूर.
मी मान हलवली. आगाऊ रक्कम घेऊन बसले होते.

आठ दिवस राजवाडा काढला.
सात मजले, मग चार, मग नुसती कमान,
मग कमानीची एक रेघ.
किती खोडलं की खूण मरते,
हे कॉलेजात सरांनी फळ्यावर दाखवलं होतं:
इकडे चिन्ह, तिकडे अर्थ,
मधल्या खडूच्या रेघेला ते नातं म्हणत.
माझी रेघ तर कुठल्याही गावची झाली.
पुण्याच्या बाकरवडीवरही खपली असती.

रात्री सराफ्यात गेले.
दिवसा जिथे गुंजभर सोनं तोलतात
त्याच ओट्यांवर, शटर पडल्यावर, कढया.
पाव किलो लौंग सेव घेतली.
घरी येईतो पुड्याचा कागद
तळहाताएवढा आरपार झाला होता
आणि मागच्या पानावरलं ‘वधू चाहिए’
उलट्या अक्षरांत पुढे आलं होतं.

धूर तिथे अग्नी.
हे शेवेचं चित्र नव्हतं,
शेव स्वतः सही करून गेली होती.

सकाळी नमुना नेला:
कोरा डबा, त्यावर एक तेलकट खिडकी,
आत उलटी अक्षरं.
शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
“दाग? पैसे दे के दाग?”

तेव्हा सांगता आलं नाही
की आमच्यात दागिन्यालाही डागच म्हणतात.
की द्वारकामावशीने माझ्या फीसाठी
याच गल्लीत चार डाग मोडले,
दोन पाटल्या, एक वाकी, आणि ठुशी,
जी मी तिच्या गळ्यात कधी पाहिलीच नव्हती.
नोटा पोलक्यात खोचून
कढई तापेपर्यंत ती तिथेच पायरीवर बसून राहिली.
मला पुडा घेऊन दिला.
स्वतः नाही खाल्ली, म्हणे घशाशी येतं.
मग तशाच बोटांनी नोटा पुन्हा मोजल्या, दोनदा.
फी घेताना कारकुनाने
गड्डी नाकाशी नेली होती.

“छोटा सा राजवाडा भी डाल दो,” शेठ म्हणाले,
“पिताजी को अच्छा लगेगा.”

टाकला.
डब्याच्या आत, तळाशी,
शेव संपल्याशिवाय
दिसायचा नाही.