घर्षण नाही असे समजा

बारावीच्या मुलांनी भरलेले एकेचाळीस फॉर्म
माझ्या टेबलावर.
प्रश्न एकच, खात्याच्या भाषेत :
‘भावी व्यवसायासाठी शाळेने आपणांस कितपत सक्षम केले?
एक ते पाचपैकी एका अंकास गोल करा.’
खाली दोन रिकाम्या ओळी.
मी फक्त टाइप करायचं.
वाच, असं कुणी सांगितलेलं नाही.

त्सोत्नेचा गोल दोनला, पेन कागदाच्या आरपार.
लिहितो, पुस्तकातल्या कप्पीला वजन नसतं,
दोरी ताणली जाते पण झिजत नाही,
आणि प्रत्येक गणितात एक ओळ :
घर्षण नाही असे समजा.
मी काकाबरोबर रोपवेच्या चाकांना ग्रीस लावतो.
आमच्या चियातुरात बाई, आहे ते घर्षणच आहे.

तेकलेने एकला गोल केलाय, अक्षर मात्र मोत्यासारखं.
मँगनीज, अणुक्रमांक पंचवीस, तिला पाठ.
बाबांना सांगितला, ते एकवीस वर्षं खाणीत,
तर हसले.
म्हणाले, पगाराच्या स्लिपवर
हा आकडा कधी दिसला नाही गं.

नुत्साने तीन केलं, खोडून चार, पुन्हा तीन.
आई बारीला, एका इटालियन म्हातारीच्या उशाशी.
मीही जाणार, लिहिते.
अंथरुणातल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची,
आपली पाठ न मोडता,
हे कुठल्याच इयत्तेत नव्हतं.
पण रात्री आई फोन स्पीकरवर ठेवते आणि म्हणते,
सातवीतली ती लांबलचक कविता म्हण.
म्हातारीला आपली भाषा येत नाही.
झोपते मात्र.
याचे किती गुण?

बाचोने काहीच लिहिलं नाही.
एक ते पाच, सगळ्यांना मिळून एकच लांबट गोल,
त्याला खिडक्या, वर तार,
आत सात डोकी.

मी याच वर्गात होते, एकोणीस वर्षांपूर्वी.
टायपिंग इथे नाही शिकले,
मामीच्या विम्याच्या ऑफिसात शिकले, दोन बोटांनी.
अजून दोनच.
मला कुणी फॉर्म दिला नव्हता.
दिला असता तर
बहुतेक पाचला गोल केला असता, भीतीपोटी.

सरासरी आली दोन पूर्णांक सात.
मुख्याध्यापिका खांद्यावरून वाकल्या,
तीन कर, म्हणाल्या, अपूर्णांक चालत नाहीत वर.
केले तीन.
शेऱ्याच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.

खिडकीतून दिसतं,
वरच्या वस्तीचा पाळणा दरीवर मधेच थांबलाय,
आत कुणीतरी रुमाल हलवतंय.
शाळा सुटायला अजून तास आहे
आणि त्सोत्ने चढ चढतोय,
दप्तर पाठीवरच, हातात पाना.

बाईंनीही पाहिलं.
जरा वेळ पाहतच राहिल्या.
मग म्हणाल्या,
त्याची गैरहजेरी मांड.