टक्क

पोलंडमधलं वूच. नोव्हेंबर. तिसरा मजला.
बोगुमिवाबाईंच्या कॉम्प्युटरचा आठ दिवस
डोळ्याला डोळा नाही.
"दहा मिनिटांत झोप म्हणून सांगून ठेवलंय,
ऐकतच नाही. भिंतीवर रात्रभर निळा उजेड."

सेटिंग पाहिलं. दहाच मिनिटं.
माऊस उलटा ठेवला. प्रिंटरच्या रांगेत
जूनपासून अडकलेलं गॅसचं बिल, ते काढलं.
चहा झाला, खसखशीचा केक झाला.
अकरावं मिनिट. टक्क जागा.

मग काळ्या खिडकीत त्यालाच विचारलं,
कोण झोपू देत नाही रे तुला?
एका ओळीत उत्तर आलं:
गेम कंट्रोलर.

वायर धरून गेलो टेबलामागून खालच्या खणात.
लोकरीच्या गुंड्यांखाली तो,
दांडी केसभर डावीकडे कललेली.
कॉम्प्युटरला वाटत होतं,
कुणीतरी चालतंय अजून, डावीकडे, डावीकडे.

"गेल्या आठवड्यात खण आवरला मी," बाई म्हणाल्या.
"झेमोवितचा आहे. तो रॉटरडॅमला, गोदीत. रात्रपाळी."

वायर काढली.
दोघंही पडद्याकडे बघत बसलो.
विझला.
बाईंनी खण तसाच उघडा ठेवला.
"तिकडे किती वाजले असतील?"
इथे जेवढे, तेवढेच, मी म्हटलं.